गुरुवारची बस आणि अथेन्सचा म्हातारा

२७ फेब्रुवारी १९८१, शुक्रवार. जुबैल

सुट्टीचा दिवस. दुपारी कंपाउंडच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली. हॉलच्या भिंतींना हिरवा रंग द्यायचा की पिवळा, यावर पुरुषमंडळी जेवण जिरेपर्यंत भांडली. शेवटी हात वर करून मतं घेतली. पिवळा जिंकला. स्टोअरमध्ये पिवळा रंग नाहीच, हे नंतर कळलं.

आम्ही बायका शेजारच्या पॅन्ट्रीत चहा करत होतो. मधे एक खिडकी आहे, तिच्यातून कप सरकवायचे. एका फ्लॅटला एक मत, आणि ते फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचं. आमचा फ्लॅट शिरीषच्या नावावर. माझा मुलगा समितीचा सेक्रेटरी आहे, ठराव तोच वाचतो. सुनेचं, अनुराधाचं, मत त्याच्यात आणि माझंही त्याच्यात. कंपाउंडच्या भिंतीबाहेर अरबांच्या राजाचं राज्य आणि आत आमची लोकशाही. मोजदादीत मी दोन्हीकडे नाही.

परत येऊन पुस्तक उघडलं. गावच्या वाचनालयाने मोडीत काढलेलं, पहिली पानं नसलेलं. त्यामुळे लेखक कोण ते ठाऊक नाही. ग्रीक लोकांच्या राज्यकारभाराच्या विचारांवर आहे. त्यातला अथेन्सचा एक म्हातारा मला फार पटतो. तो म्हणतो, राज्य म्हणजे जहाज समजा. जहाजावरचे सगळे खलाशी सुकाणूसाठी भांडतायत, एकालाही दर्याची विद्या नाही. ज्याला तारे, वारा, ऋतू कळतात त्याला ते आभाळाकडे बघत बसणारा वेडा म्हणतात. लोकशाही ती हीच.

पिवळा रंग आठवून मला हसू आलं.

हे असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. हे तांडेल होते. जयगडहून मालाची होडी घेऊन निघाले की होडीत यांचाच शब्द. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला खलाशी किनाऱ्यावर जमून ठरवायचे, यंदा कुठल्या तांडेलाबरोबर जायचं. पण एकदा होडीत पाय ठेवला की तोंड मिटायचं. म्हाताऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती.

त्याच्या गुरूला अथेन्सच्या लोकांनी मतदान करून विष प्यायला लावलं. तेव्हापासून म्हाताऱ्याचं मन लोकांवरून उडालं. हा गुरू म्हणे सांगायचा, मला काय येत नाही, तेवढं मला कळतं. हे मला जमलं नाही. ज्याला येत नाही त्याला शहाणा कसं म्हणायचं?

६ मार्च, शुक्रवार

काल लिहायला हात उचलत नव्हता. डोळ्यांत अजून रेती आहे.

दर गुरुवारी आम्ही बायका कंपनीच्या बसने दम्मामच्या बाजाराला जातो. आमच्या सगळ्या आठवड्यात बाहेर पडायची तेवढीच वेळ. ड्रायव्हर जलाल म्हसळ्याकडचा, मला मावशी म्हणतो. येताना अर्ध्या वाटेवर समोरचं आभाळ तांबूस झालं आणि बघता बघता रेतीने सगळं गिळलं. जलालने बस रस्ता सोडून पार आत खडीवर नेली, इंजिन बंद केलं, दिवेही बंद केले.

"दिवे कशाला बंद केलेस रे?" मी विचारलं.

"मागच्याला वाटेल, दिवा दिसतो म्हणजे तिथं रस्ता आहे. येऊन ठोकेल."

मग नुसतं बसायचं. खिडकीच्या फटींतून रेती आत येत होती. शेजारच्या शरीफाचं तान्हं रडून रडून निळं पडलं. माझी नात रेखा ओकली. पिशव्यांतल्या बर्फातल्या कोंबड्या वितळून खाली पाणी वाहायला लागलं. खांबेटेवहिनी ओरडल्या, "अहो, हळूहळू तरी घ्या!" सगळ्याच ओरडल्या. मीही ओरडले, "जलाल, यल्ला, चल रे बाबा, पोरं मरतील!"

तो मागे वळला नाही. "रस्ता दिसत नाय मावशे. मी नाय चालवणार."

वारा पडला तेव्हा दिवस मावळला होता. गेटवर सगळे पुरुष उभे होते. शिरीष मात्र गेटवर नव्हता, पार पुढे हायवेला जाऊन उभा होता. बुटांत, केसांत, भुवयांत रेती. त्याने रेखाला उचललं, माझ्याकडे बघितलंही नाही. मग जलालच्या खिडकीशी जाऊन इतका ओरडला की माझा मुलगा असा ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. रात्री जेवला नाही. बूट दारातच पडलेत, अजून झटकले नाहीत. इतका टापटिपीचा माणूस.

७ मार्च

शेजारच्या कॅम्पची बस त्याच रस्त्याने त्याच वेळी आली आणि सुखरूप पोचली म्हणे. आता सगळे तेच धरून बसलेत. खांबेटेसाहेब अध्यक्ष आहेत, खरेदी विभागात मोठ्या हुद्द्यावर. दारात उभे राहून म्हणाले, "दुसरा पोचतो मग याला काय झालं? घाबरट ड्रायव्हर म्हणजे रिस्क!"

पुढच्या शुक्रवारी ठराव येणार: जलालला काढा, दुसरा मागवा. ठराव शिरीषने लिहिलाय. समितीने काढला की कंपनी सही करते, मग त्याचा कफील, म्हणजे इथे आणणारा मालक, त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द करून विमानात बसवतो. खलास. घरी आंधळी आई आणि लग्नाची बहीण.

मी शिरीषला म्हटलं, "त्याने जीव वाचवले असतील."

"असतील. आणि कळवलं असतं तर? पुढे चौकी होती, तिथून फोन करायचा. आम्ही इथे काय समजायचं? आम्ही इथे उभे, आणि..."

"चौकीपर्यंत जायला रस्ता नको दिसायला?"

तो उठून गेला. नियमाला नको इतका चिकटतो. लहानपणापासून असाच.

९ मार्च

सकाळी दार वाजलं. जलाल. बसमध्ये राहिलेली रेखाची एक चप्पल घेऊन आला होता. आत येईना.

म्हटलं, "सभेत येऊन तुझी बाजू सांग."

"ड्रायव्हरला कोण सभेत घेतो मावशे? आणि सांगू काय? त्या दुसऱ्या बसवाल्याला रस्ता दिसला असेल. मला दिसला नाय. दिसत नाय तेव्हा थांबायचं, एवढंच मला येतं."

"तू बरोबर होतास असं सांग की."

"बरोबर होतो की चूक, ते मला काय ठाऊक?" चप्पल ठेवून गेला.

असं बोलला तर कोण याच्या बाजूने मत देणार!

दुपारी म्हाताऱ्याचं पुस्तक घेतलं. मुलांच्या कोर्टात वैद्यावर खटला चालला आणि फिर्याद मिठाईवाल्याची असेल तर वैद्याचं काय होईल, असं एका पानावर विचारलंय. तो कडू औषधं देतो, हा लाडू देतो. कोंबड्या वितळल्या म्हणून जलालला काढणाऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटलं.

पण मग एक अडचण आली. म्हातारा म्हणतो, जाणत्याच्या हाती सुकाणू द्या आणि गप्प बसा. म्हणजे बसमध्ये जलालचं ऐकायचं. ठीक. पण जाणता कोण हे गप्प बसून कसं कळायचं? आणि तो जाणता एखाद्या दिवशी चुकला तर?

यापुढे लिहायचं नाही आज.

१२ मार्च

लिहिते.

होडी बुडाली तेव्हा मी लोकांना सांगितलं, दर्याने नेलं. आठ वर्षं हेच सांगते. यांचा खलाशी गुणाजी फळी धरून एकटा परत आला. तेराव्याला माझ्यापुढे बसून रडला. म्हणाला, निघतानाच मी बोललो होतो, तांडेलदादा, आभाळ बरं नाही. हे म्हणाले, गप्प बस, मी कमी आभाळं बघितली नाहीत. तो गप्प बसला. बाकीचेही बसले. होडीत तोंड मिटायचं असतं.

अशा आभाळात हे कितीदा गेले आणि कितीदा सुखरूप आले. आले की सगळा किनारा म्हणायचा, तांडेल असावा तर असा. मीही म्हणायची.

पुस्तकाच्या शेवटाकडे म्हाताऱ्याचा एक शिष्य येतो. गुरूचं सगळं त्याला मान्य नाही. तो म्हणतो, घर कसं झालंय हे गवंड्यापेक्षा घरात राहणारा सांगेल, आणि जेवण कसं झालंय ते आचाऱ्याने नाही, पाहुण्याने सांगायचं. वाचलं आणि ओट्याशी उभी होते तशीच बसले. इतकी वर्षं मी पुस्तकातल्या लोकांपुढे मान डोलावत आले. आज पहिल्यांदा एकाने माझं म्हणणं मला सांगितलं.

अनुराधा म्हणाली, "आई, आमटी उतू गेली."

जाऊ दे म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

मी गेले. पॅन्ट्रीत नाही, हॉलमध्ये. पदर घट्ट घेतला आणि मागच्या खुर्चीवर बसले. खांबेटेसाहेबांना वाटलं, कप गोळा करायला आले.

शिरीषने ठराव वाचला. मी उभी राहिले.

"आनंदीबाई," खांबेटेसाहेब म्हणाले, "सभेचे काही नियम असतात हो."

"ठाऊक आहेत. फ्लॅटमागे एक मत. पण बसमध्ये फ्लॅट बसला नव्हता, मी बसले होते. तुमच्यातलं कोण होतं बसमध्ये? हात वर करा."

कुणीतरी हसलं. हात वर झाला नाही.

"म्हणजे बसमध्ये नसलेले लोक ठरवणार, बस कशी चालवली."

"बाई, तुम्हीच तिथं ओरडत होतात म्हणे, चल चल करून!" मागून एक आवाज.

"होते. आणि त्याने ऐकलं नाही म्हणून आज उभी आहे. माझा नवरा तांडेल होता. चांगला तांडेल. त्याच्या होडीत कुणी थांब म्हटलं तर चालत नसे. एक जण म्हणाला, त्याला गप्प केलं. ते गेले. त्या दिवशी ते चुकले." आठ वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. "जलाल बरोबर होता की नव्हता, त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण तो थांबला. असा माणूस घालवायचा असेल तर आम्हाला विचारून घालवा. त्याच्या मागे आम्ही बसतो."

 

शरीफाचा नवरा मोहियुद्दीन म्हणाला, "बात तो सही है." पण हात वर झाले तेव्हा त्याचा अर्धाच वर होता. ठराव बहुमताने पास. पॅन्ट्रीच्या खिडकीत बायकांची तोंडं दाटली होती, एकही कप सरकला नाही.

मी म्हटलं, "पास झाला. मग गुरुवारी मी त्या बसमध्ये बसत नाही."

"तुमची मर्जी," खांबेटेसाहेब म्हणाले. "विषय पुढचा. पाण्याचा टँकर."

१४ मार्च

शिरीष सकाळी शिफ्टला जाताना थांबला. "आई, तुझा इकामा माझ्या नावावर आहे. कंपनीत उद्या कुणी म्हणालं, तुमच्या घरची बाई सभेत गडबड करते, तर?"

"तर मला पाठवून दे. जयगडला घर आहे माझं. दारातून दर्या दिसतो."

"तेच तर!" तो एकदम ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "तिकडे एकटी काय करणार तू?"

"वाचेन."

त्याने दार आपटलं नाही, अगदी सावकाश लावलं. त्यापेक्षा आपटलेलं बरं.

एक विचार आला. म्हाताऱ्याला लोकांचा राग आला आणि तो म्हणाला, शहाण्यांचं राज्य करा. पण त्याच्या गुरूला विष देणाऱ्यांत अथेन्सच्या बायका नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्याने इतकं तरी लिहिलंय की बायकांनाही राज्य करण्याची विद्या येऊ शकते. ते लिहून झाल्यावर मात्र कुणा बाईला बोलावून विचारलं असावं असं दिसत नाही.

१९ मार्च, गुरुवार

नवा ड्रायव्हर आला, काळा चष्मा लावून. भोंगा वाजवला. मी ओट्याशी कांदा चिरत होते. पुन्हा भोंगा. मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं होतं, मी एकटीच असेन, फार तर दोघी असू. गेटाशी एकही बाई नव्हती.

बस रिकामी निघून गेली.

शरीफा तान्ह्याला खांद्यावर टाकून आली आणि ओट्याशी टेकली. "आनंदीबाई, माझा नवरा विचारतो, हे काय चाललंय. मी म्हटलं, काय चाललंय? बाई घरात बसली. बाईने घरात बसावं असं तुम्हीच सांगता ना? बसले."

किती दिवसांनी मी मोठ्याने हसले. सभा नाही, घोषणा नाही, कुठला कायदा मोडला नाही. बायका घरात बसल्या, तर तक्रार करायची कुठे?

२२ मार्च

पुरुष शिफ्ट संपवून शेअर टॅक्सीने बाजार करून येतात. काल खांबेटेसाहेबांनी कोथिंबीर म्हणून भलताच पाला आणला. वहिनींनी तोच आमटीत घातला आणि शांतपणे वाढला. मोहियुद्दीनने न साफ केलेला मासा आणला, अख्खा, डोळे उघडे. शिरीषने भेंडी आणली, जून, एकही मोडत नाही. अनुराधा म्हणाली, "छान आहे." आणि करवतीसारखी चिरत बसली.

रेखा म्हणते, "आजी, व्हेन विल वी गो टू दम्माम? मुझे आइसक्रीम चाहिए."

"जलालकाका आले की."

"पापा को बोलो ना."

"तू बोल."

जलालचे कागद महिनाअखेर होणार असं कळतं. तो गाठोडं बांधून बसलाय.

२६ मार्च, गुरुवार

बस पुन्हा रिकामी गेली. नव्या ड्रायव्हरने या वेळी एकदाच भोंगा वाजवला.

संध्याकाळी शिरीष माझ्या खोलीत आला, खाटेच्या कडेला बसला. बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत होता, वाचत नव्हता.

"गुणाजीकाका खरंच म्हणाला होता? थांबा म्हणून?"

"म्हणाला होता."

"मी धक्क्यावर होतो तेव्हा. दोन रात्री. सगळे सांगत होते, तांडेल आहे, येणार." मग म्हणाला, "त्या दिवशी हायवेला मी... तू आणि रेखा दोघी होतात आत."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांत अजून रेती असल्यासारखं वाटलं. इतके दिवस मी त्याला नियमाला चिकटणारा म्हणत होते.

"उद्या सभेत ठराव परत मांडतो," तो म्हणाला. "हरेन बहुतेक."

"हर. पण आमच्याशिवाय हरू नको. आमचे हात मोज."

२७ मार्च, शुक्रवार

खांबेटेसाहेब आधी तडजोड घेऊन आले. "जलालला परत घेऊ, विषय संपवू. मतं-बितं कशाला उगाच?"

मी नाही म्हटलं. शरीफा म्हणाली, "साहेब, जलाल तर आम्हाला पाहिजेच. पण तुम्ही दिला म्हणून नको."

सभेत शिरीषने वाचलं: बसच्या बाबतीत बसमधून जाणाऱ्यांचं मत घ्यावं. हॉलमध्ये गोंगाट झाला. कुणी म्हणालं, आज बस, उद्या अख्खी समिती. मी मागून म्हटलं, "असंच." शेवटी पाला खाल्लेल्या खांबेटेसाहेबांनीच मान हलवली. "बरं. फक्त बसपुरतं."

पॅन्ट्रीचं दार उघडलं. बायका आत आल्या, भिंतीला लागून उभ्या राहिल्या. जलाल राहावा म्हणणाऱ्यांचे हात वर झाले. बांगड्यांचा आवाज इतका झाला की शिरीषला पुन्हा मोजावं लागलं. जलाल राहिला.

खांबेटेवहिनींचा हात विरुद्ध होता. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "राग मानू नका. मला तो घाबरटच वाटतो. शिवाय माझ्या दोन कोंबड्या गेल्या."

"राग कसला?" मी म्हटलं. आणि खरंच नव्हता. त्यांचा हात माझ्याविरुद्ध होता, पण मोजला गेला होता.

२ एप्रिल, गुरुवार

जलालने भोंगा वाजवला आणि गेटाशी गर्दी झाली. शिरीषने रजा घेतली होती. पहिल्यांदाच बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या मागे बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

येताना थोडा वारा सुटला. रस्त्यावरून रेतीच्या रेघा सरपटायला लागल्या. शिरीषने पुढचा दांडा घट्ट धरला. मला वाटलं, आता ओरडतो.

"जलालभाई," तो म्हणाला, "वाटलं तर थांबा."

"एवढ्याला काय थांबायचं, साहेब? रस्ता दिसतोय की."

"दिसतोय ना? मग चला."

मागून शरीफा ओरडली, "मोठ्याने बोला, आम्हालाही ऐकू येऊ दे!" आणि सगळी बस हसली.

मी खिडकीशी बसून यांचा विचार केला. कुणीतरी असं मागून ओरडलं असतं तर हे आधी चिडले असते. मग कदाचित आभाळाकडे पुन्हा एकदा बघितलं असतं.

उद्या सभा आहे. पाण्याच्या टँकरचा विषय दोन वेळा लांबलाय: टँकर सकाळी मागवायचा की संध्याकाळी. खांबेटेसाहेब म्हणतात, तो बसचा विषय नाही, त्यात बायकांचे हात चालणार नाहीत. मी पॅन्ट्रीत चहा ठेवणार नाही. हॉलमध्ये जाऊन पुढच्या खुर्चीवर बसणार आहे आणि एकच विचारणार आहे, या कंपाउंडमध्ये पाणी कोण भरतं.